पंचगंगेचं पाणी आणि थीब्जचा राजा : एका विडंबननाट्याचं प्रकरण

टीव्हीवर नाव कमावलेल्या कोल्हापूरच्या एका विनोदी नटाने ग्रीक शोकांतिकेचं विडंबन रंगमंचावर आणलं. पहिल्याच प्रयोगात ते अशा जागी अडकलं की ते बंद करावं की नव्याने लिहावं, हा निर्णय मंडळींना रातोरात घ्यावा लागला. तालमींना सल्लागार म्हणून मी बसत होते, त्यामुळे बराचसा भाग डोळ्यांसमोर घडलेला आहे. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत आणि काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

हा नट करवीर तालुक्यातला. गावच्या सोंगी भजनात सोंगं घेत मोठा झाला, मग राज्य नाट्य स्पर्धेच्या कोल्हापूर केंद्रावर छोट्या भूमिका करत राहिला. पुढे टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमात त्याचा ग्रामपंचायतीचा शिपाई गाजला आणि लोक त्याला त्याच नावाने हाक मारायला लागले. टीव्हीवरचं स्किट दहा-बारा मिनिटांत संपतं, त्यामुळे दर काही सेकंदाला पंच लागतो. त्याला आता दोन अंकांचं काहीतरी करायचं होतं आणि त्याने निवडलं प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसचं ईडिपस राजाचं नाटक.

निवडीमागचं त्याचं कारण मला फार आवडलं. कॉलेजात असताना त्याने या नाटकातल्या म्हाताऱ्या मेंढपाळाचं काम केलं होतं. राजा, राणी, अख्खं नगर दुःखात बुडालेलं असताना राजाच्या जन्माचं गुपित ठाऊक असलेला हा म्हातारा एकाच काळजीत असतो : खरं बोललो तर मरतो आणि खोटं बोललो तरी मरतो. नट म्हणाला, "मॅडम, तालमीत मला त्या म्हाताऱ्याचं हसू यायचं आणि प्रयोगात रडू यायचं. संवाद तेच की वो." एवढं ज्याला दिसलं, त्याला विडंबनाचा हक्क आहे असं माझं तेव्हाही मत होतं.

मूळ कथा थोडक्यात अशी. थीब्ज नगरीत साथ पसरली आहे. लोक राजाच्या दारात गाऱ्हाणं घेऊन आलेत. आधीच्या राजाचा, म्हणजे लायसचा, खुनी नगरात मोकळा फिरतोय म्हणून हा कोप झाला, असा देववाणीचा कौल येतो. त्या खुन्याला शोधून काढीन, अशी शपथ ईडिपस घेतो. शोध पुढे सरकतो तसं उघड होतं की खुनी तो स्वतःच आहे, मेलेला राजा त्याचा बाप होता आणि जिच्याशी त्याने लग्न केलं ती त्याची आई. राणी गळफास घेते, राजा स्वतःचे डोळे फोडून घेतो.

यात विडंबनाला जागा कुठे, असं पुष्कळांनी विचारलं. जागा मुळातच आहे. चौकशी समितीचा अध्यक्षच आरोपी आहे आणि हे त्याच्याशिवाय प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शिवाय शोकांतिकेची थट्टा ग्रीकांना परकी नव्हती. अथेन्सच्या उत्सवात एका कवीच्या तीन शोकांतिका झाल्या की त्याच कवीचं सॅटरनाट्य व्हायचं, म्हणजे त्याच पुराणकथांचा धिंगाणा. ॲरिस्टोफेनिसने इसवी सनपूर्व 405 मध्ये आपल्या सुखात्मिकेत एस्किलस आणि युरिपिडीस या दोन शोकांतिकाकारांची पाताळात जुगलबंदी लावली. तिथे युरिपिडीस आपल्या नाटकांच्या भारदस्त सुरुवाती म्हणून दाखवतो आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी एस्किलस एकच शेपूट जोडतो : "आणि त्याची तेलाची कुपी हरवली."

ही युक्ती नटाला सांगितली तेव्हा तो खुर्चीतून उठलाच. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःचं शेपूट आणलं. ग्रीक कोरसच्या, म्हणजे एका सुरात बोलणाऱ्या-गाणाऱ्या समूहाच्या, जागी सोंगी भजनाची मंडळी : टाळ, मृदंग, पेटी. राजा कितीही मोठी घोषणा करो, मंडळी ठेक्यात म्हणणार, "आणि तेवढ्यात साहेब जेवायला गेले!" राजा गरजतो, "लायसचा मारेकरी पाताळात लपला तरी मी त्याला ओढून आणीन," आणि मागून टाळ वाजतात. तालमीच्या खोलीत आम्ही पोट धरून हसायचो.

दिग्दर्शिका स्पर्धेच्या नाटकांतून आलेली, कडक शिस्तीची. मेंढपाळाच्या भूमिकेत एक बुजुर्ग नट होते, सगळे त्यांना आबा म्हणत. राजाची भूमिका आपला नट स्वतः करणार होता.

अडचण

पहिला प्रवेश स्थानिक केला होता. थीब्जची साथ काढून कोल्हापूरचा पूर घातला. लोक राजाकडे येतात ते गाद्या, गॅसची टाकी, कोंबड्या डोक्यावर घेऊन. राजा विचारतो, "किती फूट?" उत्तर येतं, "राजाराम बंधाऱ्यावर 43, महाराज." कोल्हापुरात पंचगंगेच्या पाण्याचे हे आकडे शाळकरी पोरालाही पाठ असतात : 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. पुढे एक बाई सांगते की होडीत टीव्ही घेतला, मिक्सर घेतला, साड्या घेतल्या आणि म्हैस दाव्यालाच राहिली. मग विंगेतून हंबरण्याचा आवाज.

केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत जळालं, त्यानंतरच्या काळातली ही गोष्ट आहे. मोठा रंगमंच हाताशी नव्हता. पहिला प्रयोग एका पतसंस्थेने सभासदांसाठी कॉन्ट्रॅक्टवर घेतला, तोही एका सभागृहात, जिथे खिडक्यांतून उजेड येत होता. नाट्यगृहात नटाला समोर काळोख दिसतो. इथे पहिल्या पाच-सहा रांगांतले चेहरे दिसत होते.

सभासदांमध्ये चिखली आणि आंबेवाडीकडची बरीच कुटुंबं होती. 2019 आणि 2021 च्या पुरात पाणी 43 फुटांच्या कितीतरी वर गेलं होतं आणि ही गावं पाण्याखाली होती. फुटांच्या आकड्याला हशा आला. गॅसच्या टाकीलाही आला. म्हशीच्या हंबरण्याला मात्र सभागृह गप्प झालं. तिसऱ्या रांगेतल्या एक मावशी उठल्या, पदर सावरला आणि दाराकडे चालू लागल्या. नटाने ते पाहिलं. टीव्हीच्या सवयीने त्याने ताबडतोब एक ॲडिशन घेतली, म्हणजे पदरचं वाक्य टाकलं, "मावशी, म्हैस बघायला चालला काय?" कोणी हसलं नाही. तिथून पहिला अंक संपेपर्यंत प्रयोग पडत राहिला.

मध्यंतरात एक गृहस्थ आत आले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "पाहुणं, दावं सोडायलाबी वेळ मिळाला न्हाई आमास्नी." एवढं बोलून ते बाहेर जाऊन बसले आणि दुसरा अंक त्यांनी पाहिला.

दुसरा अंक चालला, हीच खरी पंचाईत होती. डोळे फोडून घेतलेला राजा चेहऱ्यावर टोमॅटो सॉस माखून येत होता, खांबाला धडकत होता, पेटीवाल्याच्या मांडीवर बसत होता. हशावर हशा. प्रयोग ठरवणारे गृहस्थ खूश झाले आणि नाट्यव्यवस्थापकाला म्हणाले, "शेवट जाम चाललाय, सुरुवातीलाबी असंच धडपडणं वाढवा, पुढचे तीन प्रयोग मी घेतो."

पर्याय

रात्री सगळे जेवायला बसले, पण रस्सा निवत चालला तरी बोलणं संपेना. चार मतं पुढे आली.

व्यवस्थापकाचं म्हणणं, म्हशीचा तेवढा विनोद कापा आणि बाकी तसंच ठेवा. पैसे अडकले होते, हॉलचं भाडं आणि नटसंचाची नाईट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, द्यायचं होतं, त्यामुळे त्यांचा आग्रह समजण्यासारखा होता. आबांचं म्हणणं, पूर पूर्ण काढा, कोल्हापूरचं नावच नको. नट स्वतः उलट टोकाला गेला होता. प्रयोगाच्या शेवटी प्रेक्षकांसमोर हात जोडावेत आणि दोन शब्द बोलावेत, असं त्याला वाटत होतं. दिग्दर्शिका बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, "गॅसच्या टाकीला हसले आणि म्हशीला नाहीत. का?"

त्या रात्रीचा कामाचा प्रश्न हाच होता. टाकी, गाद्या, फूट मोजणं, यात लोक स्वतःच्या धांदलीला हसत होते. पूर ओसरल्यावर ते घरीही असंच हसले असणार. दाव्याला बांधलेल्या जनावराची गोष्ट मात्र ते घरातही बोलत नाहीत. ती आम्ही माईकवरून वाजवली होती.

मी त्यांना अथेन्सचं एक जुनं प्रकरण सांगितलं. इसवी सनपूर्व 494 मध्ये इराण्यांनी मिलेटस हे ग्रीक शहर उद्ध्वस्त केलं. फ्रिनिकस नावाच्या कवीने त्यावर लगेच नाटक केलं. अख्खं प्रेक्षागृह रडलं आणि अथेन्सकरांनी कवीलाच 1000 द्राख्मा दंड ठोठावला, ते नाटक पुन्हा कधी करायचं नाही असं बजावलं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने कारण दिलंय : त्याने त्यांना त्यांच्या घरच्या दुःखाची आठवण करून दिली. आता सोफोक्लीसकडे पाहा. अथेन्समध्ये इसवी सनपूर्व 430 मध्ये भीषण साथ आली. ईडिपसचं नाटक त्याच्या आसपासचंच, साधारण 429 चं, असं बरेच अभ्यासक मानतात. तसं असेल तर ज्यांच्या घरातली माणसं साथीत गेली, त्याच प्रेक्षकांसमोर त्याने साथीनेच पडदा उघडला आणि त्याला कोणी दंड केला नाही. त्याला त्या स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं. फरक इतकाच की त्याने साथ थीब्जमध्ये ठेवली, पुराणातल्या नगरीत. अथेन्सचं नाव त्याने काढलं नाही. ते नाव प्रेक्षकांनी मनात घेतलं.

यावर आबा म्हणाले, "मग पाणी थीब्जातच येऊ दे की. आमची लोकं वळखत्यात."

काय केलं

निर्णय असा झाला : पंचगंगा, बंधारा, फूट, म्हैस, सगळं काढायचं. नगर थीब्ज, संकट साथ, मुळात आहे तसं. गाऱ्हाणं घेऊन आलेल्या लोकांवर एकही विनोद नाही. त्यांची वाक्यं सरळ, साधी, गंभीर राहतील. हशा सगळा राजाच्या बाजूने.

सोफोक्लीसच्या राजाकडेच त्यासाठी दोर सापडला. मूळ नाटकात लोक गाऱ्हाणं मांडतात तेव्हा ईडिपस सांगतो की मी झोपलेलो नाही, मी मेहुण्याला, क्रेऑनला, आधीच देवाकडे पाठवलंय. मुळात हे त्याचं मोठेपण आहे. आपल्या नटाने तीच वाक्यं ठेवली आणि मागे शिपाई उभा केला, हातात फाईल घेऊन. नवा प्रवेश असा चालतो :

म्हातारा नागरिक : महाराज, माझ्या गल्लीत सात दारं आहेत. पाच बंद झाली.
राजा : मला माहीत आहे. मी रात्रभर जागा आहे.
शिपाई : (फाईल बघत) रात्रभर जागे असल्याची नोंद आहे.
राजा : ज्याच्यामुळे हे झालं, त्याला मी स्वतः शोधीन. चौकशीचा अध्यक्ष मीच!
मंडळी : आणि तेवढ्यात साहेब जेवायला गेले!

नागरिकाच्या "पाच बंद झाली" नंतर दिग्दर्शिकेने एक पूर्ण श्वासाचा पॉज ठेवला आणि तो कोणीही खायचा नाही असा नियम केला. नटाला हे जड गेलं. टीव्हीवर पॉज म्हणजे वाया गेलेला वेळ. चार-पाच तालमींत तो दरवेळी तिथे भुवई तरी उडवायचा. शेवटी ती त्याला म्हणाली, "दादा, तो म्हातारा तुझ्या गावचा समज." त्यानंतर भुवई थांबली.

मेंढपाळाबद्दलही एक निर्णय घेतला गेला, पण त्यावर वाद फारसा झाला नाही. आधी आबांना घोंगडं, काठी आणि ठसकेबाज बोली दिली होती. घोंगड्यावर आणि बोलीवर हशा आला तर ती एका समाजाची थट्टा होते, राजाच्या दरबाराची होत नाही. आबांनी स्वतःच घोंगडं उतरवलं. आता म्हातारा साध्या कपड्यांत येतो आणि विनोद त्याच्या गणितातून होतो. प्रत्येक प्रश्नाला तो आधी विचारतो, "ह्यात कुठलं उत्तर दिलं तर मी जिवंत ऱ्हातोय?"

संहितेत इतका बदल झाला की ती रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडे, पुन्हा पाठवणं भाग होतं. व्यवस्थापकाला हा उशीर नको होता. दिग्दर्शिका हटली नाही आणि मधले ठरलेले प्रयोग पुढे ढकलले गेले. माझ्या मते हा उशीर उपकारक ठरला, कारण तेवढ्या दिवसांत शेवटचा प्रवेश सापडला.

शेवटचा प्रवेश

सॉस माखून धडपडणारा आंधळा राजा हा नाटकातला सगळ्यात मोठा हशा होता. तो काढा असं म्हणणं सोपं नव्हतं. ज्याच्या जोरावर तिकीट विकलं जातं तेच काढून टाकायचं, आणि तेही कोणी तक्रार केलेली नसताना. माझा आक्षेप दोन बाबतींत होता. एक तर दिसत नसलेल्या माणसाच्या अडखळण्यावर हसवणं हे विडंबनच नव्हे. त्यात शोकांतिकेचा काही संबंध उरत नाही, ते कुठल्याही स्किटमध्ये बसेल. दुसरं, मूळ नाटकात डोळे फोडण्याची घटना रंगमंचावर दिसत नाही. दूत येऊन सांगतो, मग राजा बाहेर येतो. त्या सांगण्यातच शिपायाला मोठी जागा होती आणि आम्ही ती सॉसवर घालवत होतो.

नटाने पहिल्यांदा नकार दिला. "लोकं माझ्याकडनं हसायला येत्यात, ताई. मी हात बांधून उभा ऱ्हायलो तर पैसे परत मागतील." दिग्दर्शिकेने दोन्ही प्रकार तालमीत, बाहेरची पंधरा-वीस माणसं बोलावून करून बघायचं सुचवलं. धडपडण्याला हशा आलाच. मग दुसरा प्रकार : शिपाई येतो, आत काय झालं ते सांगू पाहतो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला फाईलमध्ये रकाना सापडत नाही. तो पानं उलटत राहतो. "राणीसाहेब... हे कशात धरायचं?" इथे लोक हसले आणि मध्येच थांबले.

यानंतर राजाच्या तोंडी काय द्यायचं, यावर काम अडलं होतं. मंडळींनी नेहमीचं शेपूट म्हणावं की म्हणू नये? म्हटलं तर राजाची वेदना पायदळी जाते. न म्हटलं तर आतापर्यंत घडवलेला ठेका अर्धवट सुटतो. एका तालमीत नट डोळ्यांना पट्टी बांधून नुसता बसला होता. पेटीवाल्याने सवयीने सूर दिला. मंडळी तोंड उघडणार तोच तो हळू आवाजात म्हणाला, "जेवायला गेलेले साहेब... मीच तो."

सोफोक्लीसचा सगळा शोध या एका ओळीत आला. दोन तास ज्या वाक्याला लोक हसले, त्यातला साहेब कोण हे राजाला शेवटी कळतं. लोक मरत होते, चौकशी चालली होती आणि ज्याला शोधायचं तो जेवत होता. ही ओळ कोणी लिहून दिलेली नाही. ती ज्याच्या तोंडून आली त्याने लहानपणापासून सोंग घेणं आणि सोंग उतरवणं दोन्ही केलंय, म्हणून आली.

निष्पत्ती

नवा प्रयोग कोल्हापुरातच झाला. हशे संख्येने कमी झाले, हे मान्य करायला हवं. पहिल्या अंकात काही लोक चुळबुळत होते, शिपाई कधी येतो याची वाट बघत होते. शेवटच्या ओळीला हसू आणि हुंदका एकाच सभागृहातून, एकाच वेळी ऐकू आला. पहिल्या प्रयोगाच्या मध्यंतरात आत आलेल्या त्या गृहस्थांना नटाने स्वतः फोन करून बोलावलं होतं. प्रयोगानंतर ते आत आले आणि म्हातारा नागरिक झालेल्या नटाचा हात हातात घेऊन म्हणाले, "आमची सात दारं तुमास्नी कशी कळली?" म्हातारा थीब्जचाच होता.

तीन प्रयोग घेणाऱ्यांनी ते रद्द केले. त्यांना टीव्हीवरचा शिपाई हवा होता. व्यवस्थापकाला भुर्दंड बसला आणि त्याची नाराजी अजून आहे. दुसऱ्या बाजूने दोन कॉलेजांनी आणि एका वाचनालयाने प्रयोग मागितले, पण त्यांचं मानधन कमी. आर्थिक बाजूने हा निर्णय फायद्याचा होता असं आज तरी म्हणता येणार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला प्रयोग कोणासमोर होतोय याची चौकशी फक्त तिकिटांपुरती झाली. सभासद कुठल्या गावचे, हे पतसंस्थेला एका फोनवर विचारता आलं असतं. जी बाहेरची माणसं शेवटच्या प्रवेशासाठी तालमीला बोलावली, ती पुराच्या प्रवेशासाठी आधीच बोलवायला हवी होती, आणि त्यात पूर पाहिलेली माणसं हवी होती. तालमीच्या खोलीत आम्ही सगळे हसत होतो, कारण आमच्यापैकी कोणाचंही घर बुडालेलं नव्हतं.

ॲडिशनचा प्रश्न अर्धाच सुटला आहे. उठून चाललेल्या मावशींना उद्देशून आलेलं ते वाक्य संहितेत नव्हतं, त्यामुळे संहिता सुधारून ते थांबत नाही. दिग्दर्शिकेने आता प्रतीवर खुणा केल्या आहेत : शिपायाच्या प्रवेशांत मोकळीक, नागरिकांच्या प्रवेशांत एक शब्दही नाही. प्रेक्षकांतल्या माणसाला उद्देशून काही बोलायचं नाही, हा नियम तर लगेच करायला हवा होता. राणीची भूमिका अजून कच्ची आहे. तिला राजाच्या आधी सगळं उमगतं आणि ती गप्पपणे आत जाते. एवढा मोठा क्षण आमच्या प्रयोगात शिपायाच्या दोन विनोदांमध्ये चेपून जातो. त्यावर काम व्हायला हवं आणि माझा आग्रह आहे की ते पुढच्या दौऱ्याआधी व्हावं.

दौरा सांगलीपासून सुरू होतोय. तिथल्या आयोजकांनी व्यवस्थापकाला आधीच सुचवलं आहे की कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पाणीपातळीवर दोन पंच टाका, लोक उचलून धरतील. व्यवस्थापकाने फोन नटाकडे दिला. तो म्हणाला, "साहेब, पाणी आम्ही आणत न्हाई. ते तुमच्याकडं आहेच."